दारापर्यंत आलेला डबा परत का जातो?

अन्नाची सोय झाली की भुकेचा प्रश्न सुटला, असे आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. वृद्ध माणसाच्या बाबतीत हे गृहीत अनेकदा चुकीचे ठरते. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना शिजवलेले जेवण घरपोच देण्याच्या योजना काही देशांत गेली सत्तर-ऐंशी वर्षे चालू आहेत. कित्येक ठिकाणी त्यांत नाव लागण्यासाठी प्रतीक्षायादी असते. आणि तरीही, ज्यांचे नाव लागले त्यांच्यापैकी काहीजण थोड्याच दिवसांत ‘उद्यापासून डबा नको’ असा निरोप देतात. अन्न दारात येते, पैशाची सक्ती नसते, गरज तर उघड दिसते. मग माणूस नको का म्हणतो?

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मुख्यतः अमेरिकेतील योजनेचे उदाहरण घेतले आहे. कारण तिचे नियम कायद्याने ठरलेले आहेत आणि तिचा अनुभवही दीर्घ आहे. आपल्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

योजनेचा उगम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ या महिलांच्या संघटनेने वृद्धांच्या घरी गरम जेवण पोहोचविण्यास प्रारंभ केला. पुढे १९४८ च्या ‘नॅशनल असिस्टन्स ॲक्ट’ने अशा संस्थांना आर्थिक साहाय्य देण्याचा अधिकार तेथील स्थानिक प्रशासनांना मिळाला. ‘मील्स ऑन व्हील्स’, म्हणजे चाकांवरचे जेवण, हे नाव तेथून जगभर गेले.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे डोरिस टेलर या बाईंनी १९५३ साली अशीच संस्था स्थापन केली आणि १९५४ साली पोर्ट ॲडलेड येथील स्वयंपाकघरातून पहिले जेवण बाहेर पडले. टेलरबाई बालपणीच्या अपघातामुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या. घरात अडकून पडणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात जानेवारी १९५४ मध्ये ही सेवा सुरू झाली. १९६५ साली ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ हा वृद्धांविषयीचा कायदा झाला. १९७२ साली त्यात भोजन योजनेची भर पडली व १९७८ च्या दुरुस्तीने घरपोच जेवणासाठी स्वतंत्र तरतूद झाली. साठ वर्षे पूर्ण झालेल्या, घराबाहेर पडणे अवघड झालेल्या व्यक्तीला हे जेवण मिळू शकते. एका जेवणातून दिवसभराच्या पोषणाच्या किमान एक-तृतीयांश भाग मिळावा, असा दंडक आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही. स्वखुशीने वर्गणी देता येते. पण ती दिली नाही म्हणून कोणाचे जेवण बंद करता येत नाही.

कागदावर यात उणीव काढण्याजोगे फारसे काही नाही. उणिवा दिसू लागतात त्या जेवण घरात शिरल्यावर.

‘नाव कमी केले’ याचा अर्थ

आम्हा बँकेत काम करणाऱ्यांना एक गोष्ट परिचयाची असते. एखाद्या खात्यावर दोन वर्षे खातेदाराने कोणताही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय धरले जाते. खातेदार गावी गेला, आजारी पडला, वारला, की त्याने दुसरीकडे खाते उघडले, हे मात्र त्या नोंदीवरून कळत नाही. नोंद खरी असते, पण ती माणसाविषयी काहीच सांगत नाही.

जेवणाच्या योजनेतील ‘नाव कमी केले’ हा शेरा तसाच आहे. त्याच्या पोटात अगदी वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. काही नावे मृत्यूमुळे जातात. काही वृद्ध शुश्रूषागृहात हलविले जातात, काही मुलांकडे राहावयास जातात, तर काही बरे होऊन पुन्हा स्वतःचे स्वतः रांधू लागतात. ही गळती स्वाभाविक आहे. शेवटच्या प्रकारात तर आनंदच मानला पाहिजे.

खरी काळजी वेगळ्या गटाची आहे. हे लोक त्याच घरात, त्याच प्रकृतीत, किंबहुना पूर्वीपेक्षा खालावलेल्या प्रकृतीत राहत असतात आणि जेवण मात्र बंद करतात. यादीत या गटाला वेगळी जागा नसते. त्यामुळे ज्याची गरज संपली तो आणि ज्याची गरज वाढली तो, दोघेही एकाच शेऱ्याखाली दिसेनासे होतात.

रुग्णालयातून परतल्यानंतर

या गळतीची एक वाट रुग्णालयातून जाते. वृद्ध व्यक्ती पडते, हाड मोडते किंवा छातीचा विकार बळावतो आणि तिला रुग्णालयात दाखल करतात. साहजिकच जेवण थांबविले जाते. आठ-पंधरा दिवसांनी ती घरी येते, तेव्हा हातापायांत त्राण नसते, औषधे बदललेली असतात, भूक मेलेली असते. जेवणाची गरज सर्वांत अधिक याच वेळी असते. पण ते पुन्हा सुरू करण्यासाठी कोणीतरी दूरध्वनी करावा लागतो. रुग्णालयाला वाटते, नातेवाईक करतील. नातेवाइकांना वाटते, संस्थेला कळलेच असेल. संस्था निरोपाची वाट पाहत राहते. काही आठवड्यांनी नाव कमी होते आणि पुढे कधी मागणी आलीच, तर प्रतीक्षायादीच्या शेवटी उभे राहण्याची वेळ येते.

येथे कोणीच जेवण नाकारलेले नाही. तिघांच्या मध्ये एक फट होती आणि वृद्ध त्या फटीतून निसटला, एवढेच घडले. ज्या संस्था जेवण थांबवितानाच ‘पुन्हा चौकशी केव्हा करावयाची’ ती तारीख लिहून ठेवतात आणि त्या दिवशी स्वतः विचारपूस करतात, त्यांच्याकडे ही फट बरीच बुजते.

अन्न घशाखाली का उतरत नाही?

जेवण बंद करणारे वृद्ध पुष्कळदा एवढेच सांगतात की ‘चव नाही’. हे ऐकून स्वयंपाकघरातील माणसे नाराज होतात. परंतु दोष दरवेळी स्वयंपाकाचा असतो असे नाही. वयानुसार वासाची जाणीव कमी होते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिच्यात वासाचा वाटा फार मोठा असतो. जठर हळूहळू रिकामे होत असल्याने चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, काहींनी जिभेवर धातूसारखी चव येते. ‘अन्नावरची वासना उडाली’ असे आपल्याकडे म्हणतात, त्यामागे शरीराचे असे व्यापार असतात.

त्यातच पथ्याची भर पडते. रक्तदाबासाठी मीठ कमी, मधुमेहासाठी साखर कमी, हृदयासाठी तूप-तेल कमी. प्रत्येक पथ्य आपापल्या जागी योग्य असले, तरी सर्व एकत्र आले की ताट पांढरेफटक होते. अतिवृद्ध आणि अशक्त माणसाच्या बाबतीत कडक पथ्याचे जेवण उष्टावून टाकून देण्यापेक्षा थोडे सैल पथ्याचे जेवण पोटात जाणे हिताचे, असे अनेक आहारतज्ज्ञ आता मानतात. अर्थात हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच करावयाचा.

दातांचा प्रश्नही असाच. वजन घटले की हिरड्या व जबडा यांची ठेवण बदलते आणि कवळी सैल होते. कवळी सैल झाली की चावता येत नाही, चावता येत नाही म्हणून खाणे कमी होते, आणि खाणे कमी झाले की वजन आणखी घटते. या फेऱ्यात सापडलेला माणूस ‘मला दातांमुळे खाता येत नाही’ असे क्वचितच बोलून दाखवितो. मांस चिवट होते, भाजी कच्ची होती, असे तो सांगतो.

आणि मग सवयीचे अन्न. साठ-सत्तर वर्षे ज्या अन्नावर देह वाढला, ते अन्न म्हातारपणी बदलणे फार जड जाते. आपल्याकडून मुलांपाशी अमेरिकेत गेलेल्या एखाद्या शाकाहारी आजीपुढे उकडलेल्या भाज्या, बटाट्याचा लगदा आणि मांसाचा तुकडा असलेला ट्रे आला, तर पोषणाचा हिशोब कितीही बरोबर असला तरी तिच्या दृष्टीने ते उपाशी राहणेच होय. न्यूयॉर्कसारख्या अनेक भाषा-धर्मांच्या शहरात यहुदी नियमांनुसार केलेले, हलाल, चिनी पद्धतीचे अशी वेगवेगळी जेवणे द्यावी लागली, ती याच अनुभवातून.

दारापासून ताटापर्यंत

निरोगी माणसाला दार आणि ताट यांच्यातील अंतर जाणवतही नाही. घरात अडकलेल्या वृद्धाला मात्र त्या अंतरात पाच-सहा अडथळे पार करावे लागतात.

पहिला अडथळा वेळेचा. गरम अन्न साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड अन्न ४-५ अंशांच्या खाली राखावे, मधल्या तापमानात ते दोन तासांहून अधिक राहू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणून स्वयंसेवक गरम जेवण दाराबाहेर ठेवून जाऊ शकत नाही. घेणारा घरी असावा लागतो. आता, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जावे लागणाऱ्या वृद्धाने काय करावे? ऐकू कमी येत असल्याने घंटा चुकली तर? खुर्चीतून उठून दारापर्यंत पोहोचण्यास पाच मिनिटे लागली आणि तोवर गाडी निघून गेली तर? अशा दोन-तीन खेपा वाया गेल्या की काही ठिकाणी जेवण स्थगित होते. त्याची नोंद ‘घरी नव्हते’ अशी होते. वस्तुतः ते घरीच होते.

दुसरा अडथळा पाकिटाचा. ट्रेवर घट्ट चिकटविलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी निघत नाही. झाकण उघडले नाही म्हणून जेवण तसेच राहते. गोठविलेले जेवण आले, तर ते ठेवण्यास फ्रीजमध्ये जागा हवी, तापविण्यास यंत्र हवे आणि त्याची बटणे दिसावयास डोळे हवेत. २०२० च्या कोरोना साथीत संसर्ग टाळण्यासाठी अनेक संस्थांनी रोजच्या गरम जेवणाऐवजी गोठविलेल्या जेवणांचे खोके दिले. त्या वेळी ते आवश्यकच होते; पण ज्यांना उचलणे, उघडणे, तापविणे जमत नाही त्यांच्या दृष्टीने खोका भरलेला असून ताट रिकामे, असा तो प्रकार असतो.

तिसरा अडथळा विस्मरणाचा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आपण जेवलो की नाही हेच आठवत नाही. फ्रीजमध्ये चार दिवसांची जेवणे साठतात आणि घरच्यांना वाटते की ती नको आहेत.

काहीजण एका जेवणाचे दोन भाग करून अर्धे रात्रीसाठी ठेवतात, तर काही आपल्या कुत्र्या-मांजराला त्यातला घास घालतात. एकट्या माणसाचे ते प्राणी म्हणजेच घरचे लोक असतात. हे ध्यानात आल्यावर अमेरिकेतील अनेक संस्थांनी जेवणाबरोबर पाळीव प्राण्यांचे खाद्यही पोहोचविण्यास सुरुवात केली. त्याला रागावण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा.

मिंधेपणाची भावना

आतापर्यंतची कारणे डोळ्यांना दिसणारी आहेत. एक कारण दिसत नाही. आयुष्यभर स्वतः कमावून खाल्लेल्या, चार माणसांना खाऊ घातलेल्या व्यक्तीला दारात आलेल्या गाडीचा संकोच वाटतो. शेजारी पाहतात, असे वाटते. अशी माणसे तक्रार करीत नाहीत. ती म्हणतात, ‘माझे काय, कसेही भागते. माझ्यापेक्षा गरजू कोणी असेल, त्याला द्या.’ हे वाक्य ऐकणाऱ्याला फार उदात्त वाटते आणि नाव कमी करणे सोपे जाते. परंतु त्यातला त्याग किती आणि मिंधेपणाचे ओझे किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पैशाचा कागद हे ओझे वाढवितो. वर्गणी स्वेच्छेची असली तरी दरमहा येणारे पत्र वृद्धाला बिलासारखेच दिसते. ‘सुचविलेली रक्कम’ आणि ‘देय रक्कम’ यांतील फरक आपल्याला कळतो. ऐंशी वर्षांच्या, क्षीण दृष्टीच्या माणसाला तो कळेलच असे नाही. बाकी थकली या समजुतीने तो मुकाट्याने जेवण बंद करतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याच्या काळात, नोव्हेंबर महिन्यात, बँकेच्या खिडकीशी बसणाऱ्याला हे पटेल. कागद न समजल्याची लाज वृद्धाला पैसे न मिळण्याच्या दुःखापेक्षाही जड वाटते. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असे छापणे हे क्षुल्लक काम समजू नये.

दारावरचा माणूस

जेवण आणणारा माणूस हा या योजनेचा निम्मा भाग आहे. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील आठ ठिकाणच्या प्रतीक्षायादीवरील ६२६ वृद्धांचा एक अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज ताजे जेवण घरी पोहोचविले, काहींना आठवड्यातून एकदा गोठविलेली जेवणे दिली, तर काही प्रतीक्षायादीवरच राहिले. रोज जेवण मिळणाऱ्यांत अधिक सुधारणा दिसली. त्यांची चिंता व एकटेपणाची भावना कमी झाल्याचे आढळले. अन्न दोन्ही गटांना मिळत होते. रोज दार ठोठावणारा माणूस मात्र एकाच गटाला मिळत होता.

यावरून दुसरी बाजूही लक्षात यावी. ओळखीचा स्वयंसेवक बदलला, नवा माणूस घाईघाईने पिशवी देऊन गेला, किंवा रोज वेगळाच अनोळखी चेहरा दारात उभा राहू लागला, तर एकट्या वृद्धाला दार उघडण्याची भीती वाटते. त्याचे जेवण बंद होते ते अन्नामुळे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली, सरकारी जेवण शनिवार-रविवारी व सणाच्या दिवशी घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांना मिळत नाही, हे वाचून गेल ग्रीन व जेम्स बिअर्ड यांनी वर्गणी जमवून ‘सिटीमील्स ऑन व्हील्स’ सुरू केली. सणाच्या दिवशी कोणी दाराशी येणे याला वेगळे मोल आहे, हे त्यांनी ओळखले होते.

उपाय कोणते?

या सर्व कारणांचा एकत्र विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. ‘डबा नको’ हा बहुधा अन्नाविषयीचा निर्णय नसतो. ती त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी बदलल्याची बातमी असते. बातमी आली की चौकशी करावयाची असते. पान मिटवून ठेवावयाचे नसते.

चौकशीसाठी मोठे ज्ञान लागत नाही. ऑस्ट्रेलियात १९९९ साली कुपोषणाची प्राथमिक चाचणी म्हणून दोन साधे प्रश्न पुढे आले. अलीकडे प्रयत्न न करता वजन घटले आहे काय? आणि भूक मंदावल्यामुळे खाणे कमी झाले आहे काय? सहा महिने ते एक वर्ष या काळात शरीराच्या वजनाचा विसावा भाग, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, आपोआप घटले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. वजनकाटा नसेल तर कपडे सैल झाले काय, बांगडी किंवा अंगठी गळून पडते काय, हे पाहावे.

त्यानंतर उपाय सापडू लागतो. झाकण उघडत नसेल तर स्वयंसेवकाने ते उघडून द्यावे. चावता येत नसेल तर मऊ, बारीक केलेले अन्न द्यावे आणि दातांच्या डॉक्टरांची गाठ घालून द्यावी. जेवणाची वेळ ठरलेली असावी. शक्य तोवर माणूस तोच असावा. दोन पदार्थांतून एक निवडण्याची मुभा असावी. निवड करता आली की माणसाला आपण घेणारे आहोत यापेक्षा आपण ठरविणारे आहोत असे वाटते. नवीन नाव नोंदविल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एकदा बसून बोलावे. मनात साचलेल्या बारीकसारीक अडचणी तेव्हाच उकलतात.

अर्थात काही वेळा माणूस सर्व समजून-उमजून नको म्हणतो. तो त्याचा अधिकार आहे. त्याचा मान राखावा, पण परतीचे दार उघडे असल्याचे त्याला स्पष्ट सांगावे.

आपल्याकडील विचार

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील लोकसंख्या १० कोटींहून अधिक होती. आपल्या अन्नविषयक योजना बहुतांशी धान्याच्या किंवा केंद्राच्या स्वरूपात आल्या. केंद्र सरकारने २००० साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा योजनेत पेन्शन न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना दरमहा १० किलो धान्य देण्याची तरतूद होती. पण धान्य शिजविण्यास चालते हात हवेत. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी १० रुपयांत मिळू लागली. पण केंद्रापर्यंत जाण्यास चालते पाय हवेत. ज्याचे हात आणि पाय दोन्ही थकले, त्याची भिस्त सून, शेजारीण किंवा खाणावळीचा डबा यांवर. म्हणजे घरपोच जेवण आपल्याकडे आहेच. फक्त त्याची यादी नाही आणि ते बंद पडल्याची नोंद तर कोठेच नाही.

आपल्या चाळीत, वस्तीत, सोसायटीत असे किती वृद्ध आहेत, हे विद्यार्थ्यांनी एका रविवारी घरोघर जाऊन लिहून काढले तर काम सुरू होईल. अडचणीतील वृद्धांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक २०२१ पासून आहे, तो त्यांच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून द्यावा. आणि ज्या संस्थांनी पुढे डब्याची योजना हाती घ्यावी असे ठरविले असेल, त्यांनी आपल्या वहीत सुरुवातीपासून दोन रकाने अधिक आखावेत: ‘डबा का थांबला?’ आणि ‘कोण भेटून आले?’ हे दोन रकाने भरल्याशिवाय एकही नाव खोडावयाचे नाही, एवढा नियम जरी पाळला गेला तरी कितीतरी आजार, कितीतरी एकटेपण वेळेवर नजरेस येईल.